पाच बटणं

बावीस वर्षांच्या, एकही शब्द न बोलणाऱ्या लेकाला शर्टाची बटणं लावायला शिकवायचं होतं, पण बक्षीस काय द्यावं तेच कळेना. विशेष मुलांच्या शाळेतल्या बाई रोज दोन-दोन वस्तू त्याच्यापुढे मांडत आणि तो कशाला हात लावतो ते वहीत टिपत. बिस्कीट, चेंडू, मोबाईलवरची गाणी, कशालाच त्याने भीक घातली नाही. शेजारी बसून आई दर मिनिटाला त्याची हनुवटी पुसत होती; तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं तिने त्याला.

पाचव्या दिवशी बाई चाचरत म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेलात ना, की तो हसतो. तीनदा लिहिलंय मी वहीत."

"मग?"

"एक बटण लावलं, की तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाऊन बसायचं. करून तर बघू."

"बरं," आई म्हणाली आणि हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली.

आठवड्याभरात त्याने पाचही बटणं एका दमात लावली.



मग आईकडे बघून त्याने दाराकडे बोट केलं. बावीस वर्षांत त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.