कापलेला दोर

समुद्रातल्या तेलविहिरीवर दोर तपासणाऱ्यानं क्रेनच्या पोलादी दोरावरून चिंधी फिरवली. ती तीनदा अडकली, म्हणजे तारा तुटू लागल्या होत्या. “दोर बदलायला हवा,” तो फोरमनला म्हणाला. फोरमन त्याचा थोरला भाऊ. “दोर चकचकीत आहे. दर खेपेला तुझं हेच रडगाणं! चल, तपासणीच्या कागदावर सही कर.” “नाही करणार.” “मग सहीवाचून उचलतो. बोटीतली माणसं पाळण्यातून वर घ्यायचीत.” भावानं क्रेनवाल्याला हात केला. हूक अजून डेकवर टेकलेला होता. धाकट्यानं पोलाद कापायचा ग्राइंडर उचलला आणि चिंधी अडकली तिथंच दोर कापला. “घे, आता उचल!” थोरला मुठी आवळून अंगावर धावला, पण कापलेलं टोक पाहून थबकला. आत ग्रीसचा टिपूसही नव्हता, नुसता लाल गंजाचा भुगा. “नवा दोर चढवा,” तो क्रेनवाल्याला म्हणाला. धाकट्याशी मात्र तो पुढं कधीच बोलला नाही.