नवं मॉडेल

शोरूममधली ही आमची पाचवी खेप. हे मार्चमध्ये रिटायर झाले आणि तेव्हापासून यांचं एकच चाललंय, मोटारसायकलवर नागपूर ते लेह आणि परत, एकवीस दिवस. मी म्हणते, घ्या हो गाडी आणि निघा! पण नाही. कधी रंग पटत नाही, कधी आरसे. घरी माझ्या मागे उभं राहून कुकरच्या शिट्ट्या मोजतात, मसाल्याच्या डब्यांना नंबर देतात, आणि इथे एक गाडी ठरवून होत नाही.

आज नवं मॉडेल आलं होतं. यांनी त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या.

“बाकीच्या मॅडम नको नको म्हणतात. घ्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या पाहून राहिलो,” सेल्समन मला म्हणाला.

“त्यांची हौस आहे, होऊ द्या पुरी. घराचं मी पाहते.”

तेवढ्यात हे मागच्या सीटवर बसले, दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाले, “ठरलं, चारू!”

“अगंबाई! खरंच?”

“तुला बोललो नाही, पण जुन्या मॉडेलची मागची सीट म्हणजे नुसती फळी होती. तिच्यापायीच अडून राहिलो होतो. आता हे बघ, जाड गादी, पाठीला टेकू, सगळं आहे. एकवीस दिवस मजेत बसशील तू.”

सेल्समनने हसत बुकिंगचा फॉर्म पुढे केला.

मी हळूच विचारलं, “भाऊ, जुनं मॉडेल एखादं शिल्लक आहे का हो?”