मोबाईल धरणारी

"अवो, थांबा! हा वजा कुठून आला?"

मोबाईलमागून शीलाचा आवाज आला आणि भोजराज सरांच्या हातातला खडू थबकला. झालं! आज पुन्हा तेच. किरनापुरातल्या आपल्या पडवीत फळा टांगून सर दहावीच्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवत होते आणि समोर मोबाईल धरून बसलेली त्यांचीच बायको भर वर्गात अकलेचे तारे तोडत होती.

याच पडवीत सरांची शिकवणी वर्षानुवर्षं भरली. पोरं शहरातल्या ऑनलाइन क्लासकडे वळायला लागली तेव्हा सरही इरेला पेटून मोबाईलवर आले. हे जमलं नाही तर शिकवणी कायमची बंद! आणि इथे घरचीच माणसं पाय ओढत होती.

"पोट्टे काय म्हणतील वं? सरांची बायको अडाणी!" सर धुसफुसायचे. पण उत्तर मिळाल्याशिवाय ती काही ऐकायची नाही. मग तेच गणित सर पुन्हा, सोपं करून सांगायचे.

शेवटी त्यांच्या मुलाने, रजतने, बालाघाटहून मोबाईलचा स्टँड आणला. सरांना हायसं वाटलं.

"सुटली तू आता," ते शीलाला म्हणाले. ती आत गेली.

वर्ग मग कसा सुसाट चालला! सर भराभर गणितं सोडवत. "समजलं का रे?" असं विचारलं की मोबाईलमधून एका सुरात उत्तर यायचं, "हौ सर!" सरांची कळी खुलायची.

आणि चाचणीत निम्म्या वर्गाला भोपळे! वर्गातल्या मंजूच्या वडिलांचा फोन आला. "सर, हा महिना पाहतो. नाही तर पोरीले शहरच्या क्लासले टाकतो." पाठोपाठ आणखी दोघांचे आले. सर शीलापुढे येऊन बसले.

"फळा तोच, पोट्टे तेच, शिकवणारा मीच. मग काहून बिघडलं? तुले समजत नव्हतं तं तू विचारत होती. या पोट्ट्यायले विचाराले काय झालं?"

शीला तांदूळ निवडत होती. तिला हसूच आवरेना.

"वर्गात विचाराची लाज वाटते पोट्ट्यायले. अवो, फोनची पाठ तुमच्याकडे राह्यते. पोट्ट्यायची तोंडं मलेच दिसत होती. वरून हौ हौ म्हणत, पन मंजूच्या कपाळाले आठी पडली का मी विचारत होती. मले तं पयल्या खेपेलेच समजत होतं!"

सर उठले, स्टँडातला मोबाईल उपसला आणि तिच्या तांदूळ निवडणाऱ्या हातात कोंबला.

"धर! आन उद्यापासून जरा जोरानं विचारत जाय."