वापराची वेळ

अपडेटनंतर घरचा संगणक आपोआप रीस्टार्ट होई आणि अर्धवट काम वाया जाई, म्हणून मी सेटिंग्ज उघडल्या. वापराची वेळ यंत्र स्वतःच टिपते आणि त्या वेळेत रीस्टार्ट टाळते. त्याने दुपार टिपली होती.

दुपारी मी प्रयोगशाळेत असतो. घरी एकटी आई असते आणि तिला दिसत नाही. संगणकाचे घड्याळ तपासले. ते अचूक होते.

"आई, दुपारी कोणी येतं का गं?"

"तूच येतोस की. नुसता खडखडाट, तोंडातून शब्द नाही."

मी दाराचे कुलूप बदलले आणि दुसऱ्या दुपारी प्रयोगशाळेतून घरी फोन केला. आईच्या आवाजामागे कीबोर्ड वाजत होता.

"आई, मी बोलतोय."

"मी कोण? माझा मुलगा इथेच बसलाय. थांबा, त्याच्याकडे देते."

कीबोर्ड थांबला.