वाचलेले चोवीस तास

ऑफिसातल्या चाळीसही जणांना प्रोग्राममधली चूक शोधायला दिवसातून तीनदा तरी डीबगर चालू करावा लागायचा. दर वेळी सगळी सिम्बॉल्स, म्हणजे प्रोग्राममधल्या नावांची यादी, लोड होईपर्यंत बारा मिनिटं नुसतं हातावर हात ठेवून बसायचं. त्यांच्यातल्याच एका तरुणाने महिनाभर डोकं लढवलं आणि लागतील तेवढीच सिम्बॉल्स लोड होतील अशी सोय केली. काम चुटकीसरशी व्हायला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी त्याची पाठ थोपटली. हे काम त्याला बोट धरून त्यांनीच शिकवलं होतं.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "रोजचे चोवीस तास वाचवलेस. म्हणजे तीन माणसांचं काम. आता कोणती तीन माणसं कमी करायची, ते तूच सांग."

त्याने खूप आढेवेढे घेतले. शेवटी खाली मान घालून दोन नावं सांगितली आणि तिसरं ताईंचं. त्यांची निवृत्ती तशीही दोन वर्षांवर आली होती.

शुक्रवारी सामान आवरून ताई त्याच्यापाशी आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,


"जपून राहा रे बाबा, आपल्यातलंच कुणीतरी साहेबांना नावं पुरवतंय."