इराण्यांची बाजू

मॅरेथॉनची लढाई आम्ही भावंडं लहानपणापासून खेळण्यातल्या सैनिकांनी मांडत आलोय. दादाकडे कायम ग्रीक, कारण ग्रीक जिंकतात. हरणारे इराणी कायम माझ्या माथी. मी कुरकुरले की म्हणायचा, "इतिहास बदलायचा नाही हं, चिमणे!"

आज डॉक्टरांनी बाहेर बोलावून जे सांगितलं, ते गिळून मी हसतच दादाच्या खोलीत आले. पलंगावरच्या ट्रेवर शिशाचे इवलेसे सैनिक मांडले.

"रिपोर्ट अगदी छान आलेत तुझे," म्हटलं आणि नेहमीसारखे ग्रीक त्याच्यापुढे सरकवले.

त्याने हळूच ट्रे फिरवला. ग्रीक माझ्यासमोर आले.

"आज इराणी मी घेतो," तो म्हणाला. "आणि रडायचं नाही. इतिहास बदलायचा नाही हं, चिमणे."