लांब खुणा

“खोटं बोला असं नाही म्हणत मी, काकू,” जोथम कुंपणापाशी उभा राहून म्हणाला. “नुसतं आठवत नाही म्हणा. सूर्य मावळला होता की नव्हता, लक्षात नाही म्हणा.”

टॅम्सिन सुईण वाफ्यात घेवडा टोकत होती. तिने मान वर केली नाही. “न आठवायला काय झालं? रविवारी मूल झालं, आज गुरुवार. म्हातारी झाले रे, पण इतकी नाही.”

“मग आज केझायाला पांढरी चादर गुंडाळून स्टुलावर उभी करतील सगळ्यांसमोर.”

“राहील ती उभी?”

“तेच तर! जे पाप केलंच नाही ते कबूल कसं करू, म्हणते. आणि कबुली नाही तर बाप्तिस्मा नाही. बाळ दूध ओढत नाहीये, काकू. येता रविवार बघेल की नाही, देव जाणे.”

पाद्री वॉर्डल बारा वर्षांपूर्वी गावात आले, तेव्हाच त्यांनी नियम सांगितला होता. मूल ज्या वारी पोटात राहतं, त्याच वारी जन्मतं. म्हणजे रविवारचं मूल हे देवाच्या दिवशी केलेल्या पापाचं फळ. रविवारी, किंवा प्रार्थनाघरात कधीही, मोठ्याने हसलं तरी आमच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, कान धरायचे, तिथे या गोष्टीची काय कथा! तेव्हापासून गावात रविवारी मूल असं झालंच नाही. कुणाचं शनिवारी दिवस बुडायच्या आत व्हायचं, कुणाचं रविवारी दिवस बुडाल्यावर. आमचा रविवार शनिवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंत, त्यामुळे थोडं इकडेतिकडे करायला जागा असे.

केझायाचं नशीबच फुटकं. तिच्या बाळाने पहिलं रडं काढलं तेव्हा डीकन स्ट्रॉ नेमके खिडकीखालून चालले होते, आणि ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं.

टॅम्सिनने हात झटकले. “सभेला येते मी. तू बायकोपाशी थांब.”

एवढ्याने जोथमला धीर आला नाही. अख्खं गाव ओळखून होतं, ही बाई विचारलं तर खरं सांगते आणि न विचारलेलं सांगत नाही. चाळीस वर्षांत गावातली झाडून सगळी बाळंतपणं तिच्या हातून झाली होती. तिला लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येक जन्माची खूण ती एका काठीवर कोरते, अशी बोलवा होती. ती काठी कुणी पाहिली मात्र नव्हती.

दुपारी प्रार्थनाघर गच्च भरलं. केझाया बाळाला उराशी धरून पुढे बसली होती. शेजारी स्टूल, स्टुलावर घडी घातलेली चादर. टॅम्सिन काठी टेकत आत आली तशी फळ्यांवर मातीच्या ओल्या खुणा उमटल्या.

“चिखल आणलात सगळा आत,” डीकन म्हणाले.

“सकाळपासून वाफ्यात होते, डीकनसाहेब.”

पाद्रींनी वाळूचं घड्याळ उलटं केलं. “टॅम्सिनबाई, देवाला स्मरून सांगा. मूल झालं तेव्हा सूर्य मावळला होता?”

“नाही.”

सभेत कुजबुज झाली. जोथमने डोळे मिटून घेतले. विश्वास ठेवला आणि बाईने गळा कापला, असंच त्याला वाटलं.

“म्हणजे रविवारच,” डीकन समाधानाने म्हणाले.

“रविवारच,” टॅम्सिन म्हणाली. मग तिने काठी उजेडात धरली. काठी खुणांनी भरली होती. “या एवढ्या आखूड खुणा आहेत, पाद्रीबाबा. आणि या लांब. लांब सात आहेत. वरपासून सांगत जाऊ का?”

कुजबुज एकदम थांबली.

“लांब कशाच्या, ते ज्याला माहीत नसेल त्याने विचारावं,” ती म्हणाली. “मी मोठ्याने सांगते.”

कुणी विचारलं नाही. डीकनना नऊ मुलं. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोला खोकला आला. मागच्या बाकावर एक बाई हळूच रडू लागली आणि तिच्या नवऱ्याने, आमच्याकडे कधी न दिसणारी गोष्ट, तिचा हात हातात घेतला. पाद्रींनी पहिल्या बाकावरच्या आपल्या पत्नीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. तीन मुलांची आई ती. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर वळवली नाही.

पाद्रींनी वाळूचं घड्याळ आडवं केलं.

“मूल केव्हा पोटात राहतं,” शेवटी पाद्री म्हणाले, “ते देवाला ठाऊक. मला ठाऊक आहे असं मी बारा वर्षं मानलं. तो माझा गर्व होता.” ते व्यासपीठावरून खाली उतरले, चादर बाजूला ठेवून स्टुलावर चढले आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग चादर उचलून त्यांनी केझायाच्या बाळाभोवती लपेटली. “आत गारठा आहे. रविवारी आण याला. बाप्तिस्मा मी देतो.”

बाळ रडलं. चांगलं खणखणीत रडलं. केझाया हसली, आणि कुणी तिचा कान धरला नाही.

बायको-बाळाला घरी पोचवून जोथम धावत सुटला तो टॅम्सिनच्या वाफ्यापाशीच थांबला. ती काठी पुन्हा मातीत रोवत होती.

“काकू, पाया पडतो तुमच्या! पण एक विचारू? त्या लांब खुणा कोणाकोणाच्या?”

“तूच एकटा निघालास विचारणारा,” टॅम्सिन म्हणाली. “आखूड खुणा घेवड्याच्या ओळींच्या. लांब भोपळ्याच्या.”